शंभरावा कागद

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शिकवण्याशी तिचा काही संबंध नव्हता, पण दुसऱ्याच्या पत्रातली चूक दिसली की तिचा हात शिवशिवायचा आणि लाल पेन कायम केसांत खोचलेलं असायचं. वय सव्वीस, बाजाराच्या अभ्यासाची पदवी ताजी ताजी आणि कारखाना सख्ख्या काकांचा. एवढं जुळून आल्यावर माणूस नाकाने कांदे सोलणारच. तीही सोलायची.

काका गॅसचे हीटर बनवत. आजवर मोठे, हॉटेलांना आणि सभागृहांना लागणारे. यंदा त्यांनी एक छोटा काढला होता, एका खोलीपुरता. थंडी सुरू होताना नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत त्याचे तीनशे नग विकून पाहिले होते. आता दहा हजार बाजारात सोडायचे की नाही, एवढंच ठरायचं होतं.

"गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मला कळलं पाहिजे," काका बैठकीत म्हणाले. "तीन आठवडे देतो. कसं शोधायचं ते तू ठरव, मास्तरीण. शिकलीस ना एवढी?"

तिने फळ्यावर चार मार्ग लिहिले. दुकानदारांकडून विक्रीचे आकडे घ्यायचे. दहा-बारा गिऱ्हाइकांना एका खोलीत बसवून बोलतं करायचं. फोनवरून ठरावीक प्रश्न विचारायचे. नाहीतर घरोघरी जाऊन माणसं हीटर कसा वापरतात ते नुसतं बघायचं. कशात काय मिळतं आणि काय हातातून निसटतं, हेही तिने ऐटीत सांगितलं. काकांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"घरी जा," कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला. तीस वर्षं हीटर बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. बैठकीला त्याला कोणी बोलावत नसे. चहा तिथे येतो म्हणून तो यायचा. "फोनवर खिडकी दिसत नाही."

खिडकीचं म्हणणं खोटं नव्हतं. छोट्या हीटरला धूर बाहेर नेणारा पाइप नव्हता, त्यामुळे तो चालू असताना खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, असा नियम होता. खोक्यावर तो ठळक लाल अक्षरांत छापलेला होता.

"खिडकीचा प्रश्न मी यादीत घालते की," ती म्हणाली.

"विचारून काय कळणार?"

"सगळं कळतं, मिस्त्री. प्रश्न नीट विचारायला हवा."

पुस्तकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. रोजच्या सवयीची गोष्ट असेल तर माणसाच्या तोंडावर जाऊ नये, त्याच्या हाताकडे बघावं. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, जुन्या वस्तीतले जिने अंधारे होते आणि तिने रात्रभर जागून काढलेली प्रश्नांची यादी इतकी देखणी झाली होती की ती कोणाला तरी विचारल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने फोन निवडला. कोणी तो तिच्या गळ्यात मारला नव्हता.

शंभर कागद भरायचे ठरले. गिऱ्हाइकांच्या यादीतून नंबर काढायचा, तीन वेळा फोन लावायचा. तिन्ही वेळा उचलला नाही तर त्यावर काट मारून पुढचा नंबर घ्यायचा. सगळीकडे असंच करतात. न उचलणाऱ्यांच्या मागे किती धावायचं?

लोक भारी गोड बोलले. थंडीत घरात बसलेल्या माणसांना कोणीतरी आपलं मत विचारतंय याचंच अप्रूप. कागदावर प्रश्न होता, हीटर चालू असताना खिडकी उघडी ठेवता का? दहाव्या फोनपर्यंत तिचा आवाज आपोआप आर्जवी झाला होता आणि ती विचारायची, "खिडकी ठेवता ना थोडी उघडी?"

"हो तर! अगदी चार बोटं."

सगळेच हो म्हणायचे. एक निवृत्त कारकून तर म्हणाला, "पट्टीने मोजून ठेवतो, बाई." तिने हसत हसत खूण केली.

शेवटचा प्रश्न मोकळा होता, आणखी काही सांगायचंय का? त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली. झोप फार छान लागते. एक शिंपीण म्हणाली, पूर्वी कूस बदलून बदलून जीव जायचा, आता अंग टाकलं की डोळा लागतो. एक जण म्हणाला, खुर्चीत बसल्या बसल्याच पेंगतो, बायको चिडवते. मास्तरणीने मोठ्या उत्साहाने हे सगळं टिपून घेतलं. सकाळी डोकं जरा जड असतं, असंही काहींनी सांगितलं. कागदावर डोक्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ते समासात गेलं आणि समासातलं कुठल्याच बेरजेत धरलं गेलं नाही.

सतरा नंबरांनी फोन उचलला नाही. तिने त्यांच्यावर काट मारली.

शेवटच्या दिवशी नव्व्याण्णव कागद झाले आणि घोडं तिथेच अडलं. संध्याकाळचे पाच वाजलेले, सकाळी काकांना अहवाल द्यायचा. यादीतलं पुढचं नाव तिच्या मावशीचं होतं. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली आणि मावशीने तिला वाढवलं. त्याच दोन खोल्यांत, त्याच शिवणयंत्राच्या खडखडाटात. वर्षापूर्वी मास्तरीण कारखान्याजवळ राहायला गेली आणि पहिल्या तीनशेतला एक हीटर तिने स्वतः नेऊन मावशीच्या खोलीत ठेवला. मावशीला फोन केला की अर्धा तास गेलाच. जेवलीस का, वाळलीस किती, लग्नाचं काय. आणि मावशीचं उत्तर काय असणार ते हिला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? तिने पेन काढलं आणि शंभरावा कागद स्वतःच भरला. खिडकी, हो. समाधान, पूर्ण. आणखी काही, झोप छान लागते.

काका अहवालावर बेहद्द खूश झाले. शंभरात शंभर खिडक्या उघड्या! पण त्यांचा डोळा अडकला तो शेवटच्या पानावर.

"झोप," ते म्हणाले. "अगं, आपण ऊब विकत नाही आहोत. आपण झोप विकतोय!"

दोन दिवसांत नवी खोकी छापून आली. उशीला गाल टेकवून झोपलेली बाई आणि खाली मोठ्या अक्षरात, 'गाढ झोपेची ऊब'. खिडकीची ओळ बाजूच्या अंगावर गेली, लहान होऊन. सोमवारी पहिले ट्रक निघणार होते.

मिस्त्रीने खोकं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि खाली ठेवलं.

"साहेब, हे सोडू नका बाजारात."

"का?"

"बंद खोलीत आग हवा खाते. मग धड जळत नाही. त्यातून जो गॅस सुटतो त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं. मग झोप येते." त्याने खोक्यावरच्या बाईवर बोट ठेवलं. "अशीच."

"शंभरच्या शंभर लोक खिडकी उघडी ठेवतात," काका म्हणाले. "हे बघ, लेखी आहे. शंभर गिऱ्हाइकांचं ऐकू की एका मिस्त्रीचं?"

मिस्त्रीने मास्तरणीकडे बघितलं. समासातलं जड डोकं तिला आठवत होतं, एक-दोन नव्हे, एकतीस वेळा लिहिलेलं. पण एवढ्या कौतुकानंतर आपल्याच अहवालाला नाट लावायची हिंमत तिला झाली नाही. पुस्तकी हुशारी अशा वेळी कुठे दडी मारते कोण जाणे.

जिन्यात मिस्त्रीने तिला गाठलं. "मास्तरीणबाई, एक संध्याकाळ द्या मला. तुमची यादी घेऊन या."

"घरोघरी जायचं?"

"घरी नाही. मी दार वाजवलं की आधी धावत जाऊन खिडकी उघडतात, मग दार. मला दारामागून ऐकू येतं ते. आपण रस्त्यावरूनच बघायचं."

शनिवारी सहाच्या सुमारास दोघं नदीपलीकडच्या वस्तीत उभी राहिली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार-चार मजली जुन्या इमारती. दिवे लागले होते. श्वासाची वाफ दिसत होती. मिस्त्रीला कुठल्या खिडकीमागे कोण राहतं ते पाठ होतं. तो बोट दाखवायचा, ती कागद काढायची.

"दुसरा मजला, डावीकडून तिसरी. तुमचा कारकून."

पट्टीने मोजणारा. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या ठासून भरल्या होत्या, वरून चिकटपट्टी.

"त्याच्यावरची. शिंपीण."

खिडकीला आतून जाड गोधडी ठोकली होती. दिव्याचा उजेडही धड बाहेर येत नव्हता.

अशा त्यांनी बावीस खिडक्या बघितल्या. एक उघडी होती, तीही काच फुटली म्हणून. मास्तरणीच्या हातातल्या बावीस कागदांवर बावीस हो होते, तिच्याच नीटस अक्षरात. तिला संताप आला, आधी लोकांचा. का खोटं बोललात? मग लक्षात आलं की खोटं कोणी बोललंच नव्हतं. बरोबर उत्तर काय ते खोक्यावर छापलेलं होतं, तिने लाडीगोडीने ते पुढे केलं आणि भल्या माणसांनी तिचं मन मोडलं नाही.

"ती अंधारी कोणाची?" तिने तिसऱ्या मजल्याकडे बघून विचारलं.

"ती तुमच्या यादीत आहे का बघा. म्हातारा-म्हातारी, दोघंच."

होती. सदतीस नंबर, वर काट मारलेली. तीन वेळा फोन लावून उचलला नाही.

खाली इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाल्याने मान वरही केली नाही. "गेले ना दोघं. तीन आठवडे झाले. झोपेतच गेले हो, चांगलं मरण आलं. डॉक्टर म्हणाले, वयच झालं होतं."

"मुलाने हीटर परत न्यायला मला बोलावलं होतं," रस्त्यावर आल्यावर मिस्त्री म्हणाला. "मी तपासला. व्यवस्थित चालत होता. खिडकीच्या चारी कडा कापूस घालून बंद केल्या होत्या. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अहवाल येऊ दे."

तीन आठवडे. म्हणजे तिने पहिल्याच आठवड्यात तो नंबर लावला तेव्हा फोन वाजत होता आणि खोलीत दोघं... तिने पुढचा विचार अर्ध्यात सोडला. बाकीच्या सोळा नंबरांचं काय झालं असेल? आणि मग, अगदी उशिरा, तिला शंभरावा कागद आठवला.

तिने मावशीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मावशी या वेळी कधीच बाहेर नसते. तिसऱ्यांदा लावला. नियमाप्रमाणे आता काट मारून पुढचा नंबर घ्यायचा होता.

ती धावत सुटली.

दोन रस्ते, एक चौक, मग जिना. मागून मिस्त्री धापा टाकत येत होता. किल्ली तिच्याकडे होती. तिने दार उघडलं. आत छान ऊब होती. तीच पहिल्यांदा जाणवली, अंगावर शाल टाकावी तशी. हीटरची ज्योत निळी असायला हवी होती, ती पिवळी होऊन फडफडत होती. मावशी शिवणयंत्रापुढच्या खुर्चीत बसली होती, मान छातीवर, हातात अर्धवट टाका घातलेलं कापड. गाल लालसर, तरतरीत दिसत होते. खोक्यावरच्या बाईसारखे.

मिस्त्रीने हीटर बंद केला. मास्तरीण खिडकीकडे धावली. खिडकीला पुठ्ठा बसवला होता, मावशीच्या कात्रीने बेतून कापलेला, कुठे केसाएवढी फट नाही. पुठ्ठा हीटरच्याच खोक्याचा होता. लाल अक्षरं आतल्या बाजूला, सरळ वाचता येतील अशी आली होती. हीटर चालू असताना खिडकी चार बोटे उघडी ठेवा.

तिने तो ओरबाडून काढला. दोघांनी मावशीला उचलून जिन्यात नेलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. जिन्यातल्या गार वाऱ्यात बऱ्याच वेळाने मावशीला उलटी झाली आणि तिने डोळे किलकिले केले. मास्तरीण तेव्हा भोकाड पसरून रडली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी.

रुग्णालयात मावशीच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. डॉक्टर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. आताही आजची रात्र जाऊ द्या.

थोड्या वेळाने मावशीने मुखवटा जरा बाजूला केला.

"तू का रडतेस?"

"मावशी, खिडकी का बंद केलीस गं?"

"वारा येतो." ती दम घेत म्हणाली. "एवढ्या हौसेने आणलास, ऊब बाहेर कशाला घालवायची?"

"मला सांगायचं तरी."

"तू विचारलंस कुठे?" मावशीने तिचा हात धरला. हात अजून गार होता. "आणि विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं, उघडी ठेवते म्हणून. तुझ्या कारखान्याचा ना तो. तुला वाईट कशाला वाटू द्यायचं?"

मास्तरीण बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने काकांना फोन लावला. सगळं सांगितलं. खिडक्या, सदतीस नंबर, मावशी. काका शांतपणे ऐकत होते.

"मावशीला जप," ते म्हणाले. "लागेल ती मदत करू. बाकीचं सोमवारी बघू."

"सोमवारी ट्रक निघतील, काका."

"भरलेत ट्रक. आता माझ्या हातात काय आहे? आणि तुझाच अहवाल आहे, तुझी सही आहे. शंभर माणसं हो म्हणाली."

"शंभरावा कागद खोटा आहे." ती म्हणाली. "मावशीचा. तो मी भरला. तिला न विचारता."

आता ते ओरडतील, म्हणजे निदान ट्रक तरी थांबवतील, असं तिला वाटलं.

"बरं," काका म्हणाले. "मग नव्व्याण्णव आहेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

ती बाकावर बसली. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला. ट्रक कसे अडवायचे, कोणाकडे जायचं, हे उद्या ठरवता आलं असतं. हीटर मात्र आत्ता चालू होते. घड्याळात साडेआठ झाले होते, थंडी वाढत होती आणि जुन्या वस्तीत लोक खुर्च्या पुढे ओढून बसले असतील. तिने रुग्णालयात बरोबर आलेल्या मिस्त्रीला यादीतली अर्धी पानं दिली. काट मारलेली सगळी आधी. तो जिना उतरून गेला.

तिने पहिला नंबर लावला. पट्टीवाला कारकून.

"खिडकी? उघडीच आहे हो, बाई."

"नाही, उघडी नाहीये. मी रस्त्यावरून बघितली. उठा, कागद काढा, खिडकी उघडा. मी फोनवर थांबते."

तो ओशाळला, काहीतरी पुटपुटला. मग खुर्ची सरकल्याचा, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला, त्यामागे रस्त्यावरची गाडी ऐकू आली आणि तिने त्याच्या नावापुढे खूण केली. दुसरा म्हणाला, उघडीच आहे. तिसरी म्हणाली, उघडीच आहे. ती प्रत्येकाला उठवत होती आणि खिडकीचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय फोन ठेवत नव्हती. कोणी चिडलं, कोणी शिव्या घातल्या. तिला आता त्यांनी गोड बोलायची गरज नव्हती.

सातवा नंबर शिंपिणीचा होता. अंग टाकलं की डोळा लागतो, म्हणणारी. खिडकीला गोधडी ठोकलेली.

फोन वाजून थांबला. तिने पुन्हा लावला. तो पुन्हा वाजून थांबला. तिसऱ्या वेळेला तिने मिस्त्रीला निरोप धाडला की आधी तिकडे जा, दार फोडावं लागलं तर फोडा. मग चौथ्यांदा लावला. केसातलं लाल पेन कधीच कुठेतरी पडून गेलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला मावशीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून प्राणवायूची बारीक सूं सूं येत होती. पाचव्यांदा लावला. पलीकडे, त्या ऊबदार खोलीत, फोन वाजत राहिला आणि मास्तरीण तो कानाला लावून बसली.